निश्चयाचीं तीन स्थानकें

आयुष्यांत कांहीं ध्येय ठेवावें आणि हातीं घेतलेलें काम मध्येंच सोडूं नये, हा उपदेश ज्यानें लहानपणीं ऐकला नाहीं असा मनुष्य विरळा. उपदेश खोटा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तो ऐकून मोठ्या आवेशानें उठलेला मनुष्य आठ-पंधरा दिवसांत पुन्हा पूर्ववत् बसतो, हाहि अनुभव तितकाच सार्वत्रिक आहे. याचें कारण असें कीं, ध्येय ठेवा एवढें आपणांस सांगण्यांत येतें. पण तें कोठून येतें, पहिला उत्साह ओसरल्यावर तें कशाच्या आधारानें टिकतें, आणि कोणत्या प्रसंगीं तें बदलावें लागतें, या प्रश्नांची चर्चा क्वचितच होते. या प्रश्नांचीं उत्तरें थोर पुरुषांच्या चरित्रांत शोधण्याची आपली रीत आहे. ती रीत वाईट नव्हे. मात्र थोरांचीं चरित्रें बहुधा यशाच्या शिखरावरून खालीं पाहून लिहिलेलीं असतात, आणि त्यामुळें वाटेवरचे चकवे व खांचखळगे त्यांत बुजून जातात. गांवांचा इतिहास त्या मानानें अधिक प्रामाणिक असतो. गांवांत पुरीं झालेलीं कामें आणि अर्धवट राहिलेलीं कामें शेजारीं शेजारीं उभीं असतात, व दोहोंचीहि साक्ष काढतां येते.

अशी साक्ष काढण्यासाठीं आज आपण कल्याणच्या पुढें, पुण्याच्या लोहमार्गावर एकामागून एक लागणाऱ्या तीन गांवांकडे पाहूं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीं गांवें होत. मुंबईच्या नोकरदार मनुष्याला हीं नांवें फलाटावरील पाट्यांमुळें आणि गाड्यांच्या वेळापत्रकामुळें परिचयाचीं आहेत. परंतु या तिन्ही ठिकाणीं मनुष्याच्या निश्चयाची एकेक निराळी कसोटी लागलेली आहे.

काळाच्या क्रमानें पहिला मान अंबरनाथचा. तेथें वालधुनी नदीच्या कांठीं काळ्या पाषाणाचें एक शिवमंदिर उभें आहे. त्यांतील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काल दिलेला असून उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील मम्मुणि ऊर्फ माम्वाणि या राजाचें नांव आहे. या घराण्यांत छित्तराज, नागार्जुन आणि मम्मुणि हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. मंदिराचा आरंभ छित्तराजाच्या काळीं झाला आणि मम्मुणीच्या काळीं तें पूर्णतेस गेलें, असें अभ्यासकांचें मत आहे. छित्तराजाचा भांडुप येथें सांपडलेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे १०२६ सालचा आहे. त्या ताम्रपटापासून या शिलालेखापर्यंत चौतीस वर्षें होतात. एवढ्या काळांत गादीवरचा धनी दोनदां बदलला, पण काम बदललें नाहीं.

या मंदिराच्या बाहेरील भिंती ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना ठाऊक असेल कीं, तेथें सपाट असा भाग जवळजवळ नाहींच. भिंतीला जागोजाग कोन पाडलेले आहेत, आणि प्रत्येक कोनावर मूर्ति, नक्षी व थर यांची गर्दी आहे. आतां कल्पना करा कीं, या कामावर तरुणपणीं आलेला पाथरवट रोज सकाळीं आपल्या जागीं बसत असेल. त्याच्या पुढें काय असेल? सबंध देऊळ त्याच्या पुढें नसेल. एक दगड असेल. तो दगड नीट उतरला म्हणजे त्याचा दिवस सार्थकीं लागला. ज्या सूत्रधाराच्या मनांत सबंध देवळाचा आराखडा होता त्याचें काम पाथरवटाच्या दगडावांचून अडलें असतें, आणि सूत्रधाराच्या आराखड्यावांचून पाथरवटाचा दगड दगडच राहिला असता. मोठें ध्येय आणि आजचें काम यांचा संबंध हा असा आहे. दोहोंपैकीं एकच हातीं धरणारा मनुष्य एक तर स्वप्नाळू होतो, नाहीं तर यंत्रवत् राबतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या मंदिराचा गाभारा सभामंडपाच्या पातळीहून बराच खालीं आहे, आणि पायऱ्या उतरून त्यांत जावें लागतें. गाभाऱ्यावरील शिखर मात्र आज पूर्ण नाहीं. आंत उभें राहून वर पाहिलें असतां आकाश दिसतें. तरीहि साडेनऊशें वर्षांनंतर त्या गाभाऱ्यांत पूजा चालू आहे, व महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. १८६८ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतील मंडळींनीं येथील शिल्पाचीं चित्रें काढलीं व सांचे घेतले, तेव्हांहि मंदिर भग्नच होतें. जें पूर्ण नाहीं तें व्यर्थ गेलें असें समजणाऱ्या मनाला हें देऊळ मुकाट्यानें उत्तर देत आहे.

अंबरनाथ सोडून पुढें गेलें म्हणजे बदलापूर लागतें. येथें घोडे बदलीत असत म्हणून गांवाला बदलापूर नांव पडलें, अशी लोकसमजूत आहे. समजुतीची खरीखोटी व्युत्पत्ति बाजूस ठेवूं. पण येथून पुढें सह्याद्रीचा चढ आहे आणि चढाला ताज्या दमाचा घोडा लागतो, हें तींतील मर्म खरें आहे. लोखंडी रस्त्यालाहि येथून पुढें तेंच संकट होतें. १८५४ च्या मे महिन्यांत आगगाडी कल्याणपर्यंत आली, आणि १८५६ च्या मे महिन्यांत ती बदलापुरावरून घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली. घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा रस्ता १८५८ सालीं सुरू झाला. मधला बोरघाट तेवढा राहिला. उतारू पायथ्याशीं गाडींतून उतरत, पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं घाट चढत, आणि वर जाऊन पुन्हा गाडींत बसत.

हा घाटांतला रस्ता सुमारें सोळा मैलांचा असून त्यांत १,८३१ फूट चढावयाचें होतें. त्यासाठीं पंचवीस बोगदे खणावे लागले. काम १८५६ च्या आरंभीं सुरू झालें तें १८६३ च्या एप्रिलांत संपलें. पहिला कंत्राटदार विल्यम फॅवेल हा होता. त्याच्या कारकीर्दींत मजुरांची मजुरी थकली, १८५९ च्या आरंभीं त्यांनीं दंगा केला, आणि लवकरच फॅवेलनें कंत्राट सोडलें. त्याच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल आला. तो या देशांत पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत आजारानें मरण पावला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट आपल्याकडे ठेवलें, कामाची माहिती असलेल्या इंजिनियरांच्या हातीं देखरेख सोंपविली, आणि तें काम शेवटास नेलें. परक्या मुलखांत, पतिनिधनाच्या दुःखांत, अनोळखी डोंगर फोडण्याचें काम अंगावर घेणारी ही स्त्री आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. रेल्वे कंपनीचा मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यानें हा सबंध मार्ग आंखला होता. परंतु प्रकृति ढासळल्यामुळें तो स्वदेशीं परतला, व १८६२ सालीं, म्हणजे घाट खुला होण्यापूर्वीं आठ महिने, वारला.

येथवरची हकीकत बोधकथेसारखी सांगतां येते, आणि बहुधा तशीच सांगितली जाते. पण घाटांत खणणारीं माणसें कोण होतीं? १८६१ सालीं या कामावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर होते. महामारी व हिंवताप यांनीं त्यांतले पुष्कळ मेले. त्यांचीं नांवें कोणत्याहि दगडावर कोरलेलीं नाहींत. बर्कलेचें ध्येय त्यांचें ध्येय होतें काय? त्यांचें ध्येय पोटाची भाकरी हें होतें, आणि मजुरी थकली तेव्हां त्यांनीं हत्यारें खालीं ठेवलीं यांत त्यांच्या निश्चयाची उणीव दिसत नाहीं. व्यवहाराची नीट समज दिसते. कामगारांत चिकाटी नाहीं, विद्यार्थ्यांत जिद्द नाहीं, अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक धन्यानें व गुरुजींनीं बोरघाटाची ही बाजूहि वाचावी. ज्या कामाच्या फळांत मनुष्याचा वांटा नाहीं त्या कामाविषयीं उत्साह त्याच्या अंगीं बाहेरून ओततां येत नाहीं.

आतां तिसऱ्या गांवाकडे वळूं. हें गांव सर्वांत नवें आहे, आणि आपल्या विषयाची खरी परीक्षा येथेंच झालेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणच्या पूर्वेस सरकारनें सैनिकांसाठीं एक मोठी छावणी वसविली. लांबच लांब बराकी, मध्यें दालन, दोन्ही टोकांस खोल्या, अशी तिची रचना होती. युद्ध संपलें आणि छावणी ओस पडली. १९४७ च्या ऑगस्टांत देशाची फाळणी झाली. पंजाब व बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध मात्र सबंधच्या सबंध पाकिस्तानांत गेला. त्यामुळें सिंधी हिंदूंना आपल्याच प्रांताच्या दुसऱ्या भागांत सरकण्याची सोय राहिली नाहीं. १९४८ च्या जानेवारींत कराचींत दंगा झाल्यावर आगबोटी भरभरून माणसें मुंबईस येऊं लागलीं. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता, त्यामुळें हें शहर त्यांना अगदींच परकें नव्हतें. पण आतां ते येथें व्यापारी म्हणून आलेले नव्हते, निर्वासित म्हणून आलेले होते. यांतील सुमारें एक लाख माणसांना कल्याणच्या त्या ओसाड छावणींत जागा मिळाली.

त्या बराकींची स्थिति आजहि वृद्ध मंडळींच्या तोंडून ऐकावयास मिळते. एकेका दालनांत अनेक कुटुंबें राहत, आणि दोन संसारांच्या मध्यें भिंत म्हणून गोणपाट किंवा चादर टांगलेली असे. जमीनदार, शिक्षक, सराफ, कचेरींतला कारकून, फेरीवाला हे सर्व एका रांगेंत पाण्याची वाट पाहत उभे राहत. ज्याची प्रतिष्ठा हवेलीवर उभी होती त्याची हवेली गेली होती. ज्याची जमिनीवर होती त्याची जमीन गेली होती. अशा मनुष्यास, "ध्येय ठेवा" असें कोणी सांगितलें असतें तर तो काय म्हणाला असता?

त्यानें जें केलें त्यांतच त्याचें उत्तर आहे. प्रथम त्यानें अगदीं जवळचें उद्दिष्ट धरलें. घरांतल्या बायकांनीं पापड लाटले, लोणचीं घातलीं, मिठाई केली. पुरुषांनीं आणि पोरांनीं तो माल डोक्यावर घेऊन गाड्यांतून व रस्त्यांतून विकला. काल ज्यांच्या दारीं नोकर होते त्यांना आज लोकलच्या डब्यांत ओरडून गोळ्या विकण्याची लाज वाटली नसेल असें नाहीं. पण लाज वाटली म्हणून त्यांनीं काम सोडलें नाहीं. नफा थोडा घ्यावा, माल पुष्कळ खपवावा, आणि आलेला पैसा पुन्हा मालांत घालावा, ही त्यांची व्यापाराची जुनी शिस्त होती. हवेली सिंधमध्यें राहिली. ती शिस्त मात्र बोटींतून बरोबर आली. संकटांत मनुष्याला नवी शक्ति क्वचितच मिळते. जी संवय पूर्वीं अंगीं बाणलेली असते तीच त्या वेळीं कामास येते.

दुसरी गोष्ट अशी कीं, या लोकांपुढें एक मोह होता. सिंधमध्यें सोडून आलेल्या मालमत्तेबद्दल सरकारकडून भरपाई मिळण्याची आशा होती, आणि त्यासाठीं दावे दाखल झालेले होते. भरपाईचा कायदा १९५४ सालीं झाला. म्हणजे घर सोडल्यापासून सहा-सात वर्षें लोटलीं होतीं. गेलेल्या गोष्टीची किंमत मिळेल तेव्हां आयुष्य सुरू करूं, असें जो म्हणाला असेल त्याचीं तीं वर्षें फुकट गेलीं. दावा मांडणें न्याय्यच होतें. परंतु दावा हें ध्येय होऊं शकत नाहीं. बहुसंख्य लोकांनीं दाव्याचा कागद पेटींत ठेवला आणि दुकान उघडलें. आपल्या नित्याच्या आयुष्यांतहि कोणीतरी आपला अन्याय दूर करील तेव्हां उभें राहूं, अशी वाट पाहण्यांत किती चांगलीं माणसें खचून जातात हें आपण पाहतोंच.

८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीची कोनशिला बसली व तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीचें नांव त्यांत आहे, आणि आनंद हा त्या शब्दाचा अर्थहि आहे. गोणपाटाच्या भिंतींआड राहणाऱ्या माणसांच्या वस्तीला असें नांव देणें कोणास थट्टेचें वाटलें असतें. पण नांव आधीं पडलें आणि गांव मागाहून त्याला शोभूं लागलें. १९६० सालीं तेथें नगरपालिका आली, आणि १९९६ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या पांच लाखांवर गेली. कापड, तयार कपडे, लांकडी सामान, मिठाई यांच्या बाजारासाठीं दूरदूरचीं गिऱ्हाइकें तेथें येतात. गांवाचे भाग अजूनहि कॅम्प नंबर एक, दोन, तीन असेच ओळखले जातात. ज्या दिवसांचें विस्मरण व्हावें असें वाटणें स्वाभाविक होतें त्या दिवसांची खूण लोकांनीं पत्त्यांत कायम ठेवली आहे.

पोट भरल्यावर पुढें काय, हा प्रश्न यशस्वी मनुष्याला अपयशी मनुष्याइतकाच छळतो. येथेंहि सिंधी समाजाचा इतिहास बोलका आहे. सिंधमधील हैदराबादेस दयाराम गिदुमल यांच्या नांवाचें नॅशनल कॉलेज होतें. त्याचे प्राचार्य के. एम. कुंदनानी हे फाळणीनंतर मुंबईस आले, आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्या साह्यानें त्यांनीं १९४९ सालीं वांद्र्यास नॅशनल कॉलेज काढलें. त्यांच्या मंडळानें हैदराबाद आणि सिंध हीं दोन्ही नांवें स्वतःच्या नांवांत राखलीं. १९६५ सालीं याच मंडळानें उल्हासनगरांत चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज उघडलें. बराकींत वाढलेल्या मुलांना आपल्याच गांवीं उच्च शिक्षणाचीं दारें उघडीं झालीं. हरवलेल्या शहराचें नांव रडण्यासाठीं जपतां येतें, तसें शाळेच्या दारावर लावण्यासाठींहि जपतां येतें. या मंडळींनीं दुसरा मार्ग घेतला.

तसेंच भाषेचें. ज्या भाषेला देशांत स्वतःचा प्रांत नाहीं ती टिकावी कशी, हा प्रश्न पोटाच्या प्रश्नाहून कठीण होता. तिची लिपि अरबी वळणाची असावी कीं देवनागरी, यावर आपसांत तीव्र मतभेद होते. तरीहि भाषेला घटनेंत स्थान मिळावें यासाठीं या समाजानें चळवळ चालू ठेवली, आणि १० एप्रिल १९६७ रोजीं सिंधीचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टांत झाला. उल्हासनगरांत राहून लिहिणारे कथालेखक मोहन कल्पना यांना १९८४ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. दुकानाचा गल्ला भरला म्हणून ही भाषा जगली नाहीं. दुकान बंद झाल्यावर दिवा लावून लिहिणाऱ्यांनीं आणि वाचणाऱ्यांनीं ती जगविली.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें इतिहासाला शोभणार नाहीं. युद्धकाळीं सरकारनें या भागांत ज्या जमिनी घेतल्या त्या कोणाच्या तरी होत्या. छावणीपासून जवळच नेवाळी येथें विमानतळासाठीं शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्यांचा वाद इतका चिघळला कीं, २०१७ च्या जूनमध्यें तेथें मोठें आंदोलन होऊन हिंसा झाली. निर्वासिताला जेथें नवें घर मिळालें त्याच परिसरांत भूमिपुत्राच्या मनांत आपलें शेत गेल्याचें शल्य राहिलें. एकाच्या निश्चयाची कथा सांगतांना दुसऱ्याची हानि विसरली जाऊं नये. त्याचप्रमाणें, अंबरनाथच्या देवळाजवळून वाहणारी वालधुनी पुढें उल्हासनगरांतून कल्याणकडे जाते. कारखान्यांच्या सांडपाण्यानें आणि जीनच्या कापडाच्या रंगानें तिचें पाणी नासलें. ज्या चिकाटीनें एक गांव उभें केलें त्याच चिकाटीनें एक नदी मारली, असें म्हणण्याची वेळ आली. चिकाटी हा गुण खराच. पण ती कोणत्याहि दिशेला धांवते. थांबावें कोठें हें तिला स्वतःला कळत नाहीं; तें ध्येयानें तिला सांगावें लागतें.

श्रोतेहो, या तीन गांवांकडून आपल्या खाजगी आयुष्यासाठीं घेण्यासारखें जें आहे तें थोडक्यांत असें. ध्येय मोठें असावें, पण त्याचा आजचा भाग हातांत मावेल एवढा असावा. पाथरवटाचा दगड आणि बराकींतला पापड हे दोन्ही असेच भाग होते. ज्या कामांत आपला वांटा आहे, आणि ज्यांत आपल्याबरोबर चार माणसें आहेत, तेंच काम दम धरतें. पहिलें ध्येय साधलें म्हणजे दुसरें शोधावें लागतें, आणि तें पहिल्याहून अधिक व्यापक असावें लागतें. एरवीं मिळविलेलें धन मनुष्याला रितेंच ठेवतें. आणि आपल्या निश्चयाची किंमत दुसरा कोणी देत नाहीं ना, हें अधूनमधून तपासून पाहावें लागतें.

आज त्या भागांतील तरुणांपुढें स्वतःचें असें एक काम पडून आहे. वालधुनीचें पाणी पुन्हा स्वच्छ होणें हें एका पिढीचें काम नव्हे. अंबरनाथचें देऊळहि एका राजाचें काम नव्हतें. तें ज्या नदीच्या कांठीं बांधलें गेलें तीच ही नदी आहे. आरंभ करणाऱ्याला शेवट पाहावयास मिळेलच असें नाहीं. बर्कलेनें घाटांतून गेलेली गाडी पाहिली नाहीं. तरी बदलापुरावरून पुण्यास जाणारी प्रत्येक गाडी आजहि त्याच घाटांतून चढते.